‘नेटवरचं वाचू नका’: मनोविकार विभागातल्या माध्यम-साक्षरतेचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

आमच्या विभागात मनोविकारशास्त्राचे नऊ रेसिडेंट डॉक्टर शिकत होते आणि त्यांच्या आठवड्याच्या शैक्षणिक सत्रांची जबाबदारी माझ्याकडे होती. दर बुधवारी जर्नल क्लब. एखादा शोधनिबंध पुढे टाकला की ही मुलं त्याची चिरफाड करायची: नमुना किती, गट कसे पाडले, मधेच किती जण गळले, पैसा कुणाचा. या बाबतीत ती माझ्या पिढीपेक्षा तयार होती. त्यामुळे ‘माध्यम-साक्षरता’ असा वेगळा काही विषय शिकवायला हवा, असं आमच्यापैकी कुणाच्याही मनात आलं नव्हतं. ज्याला शोधनिबंध वाचता येतो त्याला बातमी वाचता येणारच, असं आम्ही धरून चाललो होतो.

रुग्ण आणि रेसिडेंट या दोघींची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. रुग्णाचा पेशा मात्र तिच्या संमतीने तसाच ठेवला आहे. ती व्हिडिओ एडिटर आहे.

काय घडलं

ऑगस्ट २०२२. ही तरुणी नैराश्यासाठी सात महिने सर्ट्रालिन घेत होती. झोप सुधारली होती, कामावर परतली होती. फॉलोअपला आली ती फोनवर एक बातमी उघडूनच. मथळ्याचा आशय असा, की मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन कमी झाल्याने नैराश्य येतं हे खोटं ठरलं, मग इतकी वर्षं लोक गोळ्या कशाला खातायत?

तिने दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला विचारलं, “डॉक्टर, तुम्हीच म्हणाला होतात ना, मेंदूत सेरोटोनिन कमी झालंय, गोळीने भरून निघेल? मग मी सात महिने काय भरत होते?”

रेसिडेंट म्हणाली, “नेटवरचं वाचू नका. तिथे कुणीही काहीही लिहितं.”

“हे कुणीही नाही लिहिलेलं. विद्यापीठातल्या लोकांचा अभ्यास आहे. आणि माझं सेरोटोनिन तुम्ही कधी मोजलंत?”

बाहेर रांग होती. केस पेपरवर त्या दिवशीच्या नोंदीत दोनच ओळी आहेत: ‘औषधाबद्दल शंका. औषधाचं महत्त्व समजावलं. पुढची भेट चार आठवड्यांनी.’ ‘समजावलं’ हा शब्द मी नंतर बऱ्याच केस पेपरांवर पाहिला. त्याखाली काय काय झाकलं जातं ते तेव्हापासून कळायला लागलं.

त्याच संध्याकाळी तिने गोळी थांबवली. तिसऱ्या दिवसापासून चक्कर, डोळे फिरवले की डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके, क्षुल्लक गोष्टीवरून रडू. हे काय होतंय ते तिला इंटरनेटवरच्या रुग्णांच्या गटांतून कळलं. तिथल्या लोकांनी सांगितलं की अचानक थांबवल्याने असं होतं. आमच्यापैकी कुणी तिला ते कधी सांगितलंच नव्हतं. म्हणजे तिच्या बाजूने पाहिलं तर हिशोब सरळ होता: डॉक्टरांनी सांगितलेलं चुकीचं निघालं, नेटवरचं बरोबर निघालं. चार आठवड्यांनंतरची तारीख तिने चुकवली. सहाव्या आठवड्यात बहीण तिला घेऊन आली तेव्हा झटके थांबलेले होते, पण मूळचं नैराश्य परतलं होतं. सकाळी उठूच नये असं वाटतं, म्हणाली.

अडचण नेमकी कुठे होती

प्रकरण विभागाच्या बैठकीत मांडलं तेव्हा पहिली प्रतिक्रिया ठरलेली होती: माध्यमांनी घोळ घातला. ते निम्मं खरं होतं.

बातमीमागचा लेख २० जुलै २०२२ रोजी ‘मॉलिक्युलर सायकिअ‍ॅट्री’ या नियतकालिकात आला होता. जोआना मॉनक्रीफ आणि सहकाऱ्यांनी सेरोटोनिनवरच्या आधीच्या आढाव्यांचा एकत्रित आढावा घेतला होता. निष्कर्ष असा, की सेरोटोनिनची पातळी किंवा त्याचं काम कमी झाल्याने नैराश्य येतं, याला सातत्यपूर्ण पुरावा सापडत नाही. पद्धतीवर इतर संशोधकांनी आक्षेपही घेतले. पण औषधं गुण देतात की नाही, हे या आढाव्याने तपासलंच नव्हतं. तो प्रश्न वेगळा आणि त्याचा पुरावाही वेगळा. २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चिप्रियानी आणि सहकाऱ्यांच्या विश्लेषणात ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ रुग्ण होते, आणि तपासलेली एकवीसही औषधं नकली गोळीपेक्षा सरस ठरली होती. फरक माफक होता, पण होता. तापाच्या गोळीने ताप उतरतो, म्हणून ताप हा त्या गोळीच्या कमतरतेचा आजार ठरत नाही. इतकं एक वाक्य त्या दिवशी ओपीडीत बोललं गेलं असतं तर कदाचित वेगळं घडलं असतं.

ते का बोललं गेलं नाही? मी रेसिडेंटला विचारलं. तिने लेख वाचलेला नव्हता. तिनेही मथळाच वाचला होता, फोनवर, रुग्णाच्या दोन दिवस आधी. “मॅडम, मला तो वाचून भीती वाटली. कारण मी तर सगळ्यांना तेच सांगत आले.”

मग कुणीतरी ओपीडीतल्या टेबलाचा खण उघडला. आत रुग्णांना देण्याच्या माहितीपत्रकांचा गठ्ठा होता. त्यावर दोन चित्रं: एकात दोन चेतापेशींच्या मधल्या जागेत चार-पाच ठिपके, दुसऱ्यात भरपूर. खाली ठळक अक्षरांत, ‘नैराश्य म्हणजे मेंदूतील रसायनांचे असंतुलन’. तळाशी कोपऱ्यात एका औषध कंपनीचं बारीक बोधचिन्ह. पत्रक कुणी लिहिलं, कधी छापलं, कुणालाच सांगता येईना. सेरोटोनिनच्या गृहीतकाबद्दल संशोधक कित्येक वर्षं साशंक होते. जाहिरातींना आणि आम्हाला मात्र ते सोयीचं पडत होतं. त्याने रुग्णाची अपराधी भावना कमी व्हायची आणि आमची पाच मिनिटं वाचायची.

तर निम्मी चुकीची माहिती आमच्याच खणात होती. या शोधाने बैठकीचा सूर बदलला.

समोर असलेले पर्याय

चार सूचना आल्या. एक, रेसिडेंटनी समाजमाध्यमांवर राहूच नये असा नियम करावा. ही सूचना मांडणारे सहकारी स्वतः दिवसभर फॉरवर्ड पाठवत असतात, हे जाता जाता. दोन, एखाद्या आरोग्य-पत्रकाराला बोलावून व्याख्यान ठेवावं. तीन, खोटी माहिती ओळखण्याची तपासणी-यादी देऊन सराव घ्यावा. चार, वेगळा वर्ग न घेता जे आधीच चालू आहे त्यातच, म्हणजे हिस्ट्री (रुग्णाची हकिकत) घेणं, केस प्रेझेंटेशन आणि जर्नल क्लब यांतच हे मिसळावं.

चौथा पर्याय योग्य वाटत होता, पण त्यासाठी सगळ्या कन्सल्टंटनी, म्हणजे आम्ही वरिष्ठ डॉक्टरांनी, आपली पद्धत बदलायला हवी होती. तिसरा दोन आठवड्यांत उभा राहणार होता. आम्ही तिसरा घेतला. सोयीपोटी घेतला, हे इथे नोंदवून ठेवते.

पहिला प्रयत्न

यादी तेरा मुद्द्यांची होती: लेखकाचं नाव आहे का, तारीख आहे का, संदर्भ दिलेत का, भाषा भडक आहे का, संकेतस्थळ कुणाचं, वगैरे. सरावाला मानसिक आरोग्याविषयीच्या दहा बातम्या, पोस्ट आणि व्हिडिओ दिले. त्यांतले तीन मुद्दाम खरे ठेवले होते. नऊपैकी सात जणांनी त्या तिन्हींवर ‘अविश्वसनीय’ असा शेरा मारला.

त्या तीनपैकी एक व्हिडिओ एका रुग्णाचा होता. अँटिडिप्रेसंट (नैराश्यावरचं औषध) थांबवल्यानंतरचा त्रास आपल्याला कित्येक महिने झाला, असं ती त्यात सांगत होती. रेसिडेंटचा शेरा: ‘एका व्यक्तीचा अनुभव, संदर्भ नाही, भावनिक भाषा.’ यादीप्रमाणे अगदी बरोबर. पण जुन्या पुस्तकांत हा त्रास सौम्य असतो आणि एक-दोन आठवड्यांत जातो असंच लिहिलेलं असायचं. रुग्ण मात्र वर्षानुवर्षं वेगळं सांगत होते. २०१९ साली ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायकिअ‍ॅट्रिस्ट्सने आपली भूमिका बदलून हा त्रास काहींना तीव्र आणि दीर्घ असू शकतो, हे मान्य केलं. त्या वर्षीच, उपचार कसे करावेत हे ठरवून देणाऱ्या तिथल्या नाइस या संस्थेनेही आपल्या मार्गदर्शक सूचना त्यानुसार सुधारल्या. म्हणजे या बाबतीत इंटरनेटवरचे रुग्ण पुढे होते आणि पुस्तकं मागे. आमच्या यादीत हे बसवायला रकाना नव्हता.

याहून वाईट पंधरा दिवसांनी घडलं. सत्ताविशीतला एक तरुण ओपीडीत येऊन म्हणाला, छोटे व्हिडिओ बघून वाटतंय, मला एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यांचा विकार) असावा. वर्गात आम्ही २०२२ चा एक कॅनडातला अभ्यास शिकवला होता: टिकटॉकवरच्या एडीएचडीविषयीच्या सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या १०० व्हिडिओंपैकी ५२ दिशाभूल करणारे निघाले होते. रेसिडेंटने तो आकडा त्या तरुणाला ऐकवला आणि चिंतेचं निदान लिहून पाठवून दिलं. नशिबाने तो पुन्हा आला. येताना आईने जपून ठेवलेली प्रगतिपुस्तकं घेऊन. दुसरीपासूनचे शेरे: ‘हुशार आहे पण जागेवर बसत नाही’, ‘वही अपूर्ण’, ‘वस्तू हरवतो’. सविस्तर मूल्यमापनात एडीएचडीच निघाला.

५२ टक्के व्हिडिओ चुकीचे असणं आणि ते बघून आलेला माणूस चुकीचा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्गात हे कुणालाही सांगता आलं असतं. पण आम्ही मुलांच्या हातात हातोडा दिला होता, आणि त्यांनी तो रुग्णावर वापरला.

दुसरा प्रयत्न

आता चौथ्या पर्यायाकडे वळलो. बदल तीन होते, पैकी दोन थोडक्यात सांगते.

पहिला बदल हिस्ट्रीत. केस पेपरवर एक प्रश्न वाढवला: ‘या त्रासाबद्दल किंवा औषधाबद्दल तुम्ही काय पाहिलं, वाचलं, ऐकलं आहे? त्यातलं काय पटलं?’ उत्तर रुग्णाच्याच शब्दांत लिहायचं. आणि त्यावर लगेच खरं-खोटं करायचं नाही, हा नियम. रेसिडेंटना सर्वांत जड गेला तो हाच.

दुसरा बदल तपासण्याच्या पद्धतीत, आणि इथे मी स्वतः तोंडघशी पडले. सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी स्टॅनफर्डमध्ये केलेला एक अभ्यास आहे. इतिहासाचे दहा डॉक्टरेटधारक, पंचवीस विद्यार्थी आणि दहा व्यावसायिक तथ्य-तपासनीस यांना त्यांनी अनोळखी संकेतस्थळं तपासायला दिली. एका कामात बालरोगतज्ज्ञांच्या दोन अमेरिकन संघटनांची पानं होती. नावं जवळपास सारखीच: अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स आणि अमेरिकन कॉलेज ऑफ पीडिअ‍ॅट्रिशियन्स. पहिली १९३० पासूनची, साठ हजारांहून जास्त सदस्यांची. दुसरी २००२ साली वैचारिक मतभेदातून वेगळा झालेला छोटा गट. वर्गाच्या आदल्या रात्री मी उत्तर न बघता दुसरं पान उघडलं. मांडणी नीटनेटकी, तळाशी संदर्भ, भाषा शांत. वर-खाली वाचत मी आठ मिनिटं त्याच पानावर होते, आणि आमच्या तेरा मुद्द्यांच्या यादीत ते पान उत्तम गुणांनी पास झालं.

अभ्यासातले इतिहासकारही असेच पानावर रेंगाळले होते. तपासनीसांनी मात्र काही सेकंदांत ते पान सोडलं, शेजारी नवे टॅब उघडले आणि या संघटनेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते पाहिलं. आम्ही डॉक्टर पान न सोडण्यात पटाईत. शोधनिबंध वाचण्याचं आमचं सगळं शिक्षणच मुळी पानावर खिळून राहण्याचं आहे. जर्नल क्लबमधली तयारी ओपीडीत का उपयोगी पडली नाही, याचा उलगडा मला तिथे झाला.

मग बुधवारचा क्रम उलटा केला. आधी मथळा पडद्यावर. वाचायला एक मिनिट. मग पान सोडून मुळाशी जायचं: बातमी कशावर आधारली, मूळ लेख कोणता प्रश्न विचारतो आणि मथळा कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतो. सेरोटोनिनची बातमीच पहिल्यांदा घेतली. ती रेसिडेंट पुढे येऊन फळ्यावर दोन रकाने करून लिहू लागली: ‘लेखाचा प्रश्न: सेरोटोनिन कमी असतं का?’, ‘मथळ्याचा प्रश्न: गोळ्या चालतात का?’ लिहिता लिहिता थांबली आणि तिसरा रकाना काढला: ‘मी रुग्णाला काय सांगितलं?’ त्याखाली आमच्या पत्रकातलं वाक्य. वर्गात बराच वेळ कुणी बोललं नाही.

तिसरा बदल डॉक्टर स्वतः बातमीत येतात तेव्हाचा. एका सत्रात मी वार्ताहर झाले आणि एकेकाला ‘फोन’ केला: एका प्रसिद्ध व्यक्तीने जीवन संपवलं आहे, त्यांना नैराश्य होतं का? नऊपैकी पाच जण सुरुवातीला सावध होते आणि तिसऱ्या प्रश्नाला ‘लक्षणं पाहता’ म्हणत निदानावर घसरले. मग १९६४ ची हकिकत सांगितली. अमेरिकेतल्या एका मासिकाने अध्यक्षपदाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांच्या मानसिक योग्यतेबद्दल १२,३५६ मनोविकारतज्ज्ञांना पत्रं पाठवली. २,४१७ जणांनी उत्तरं दिली आणि १,१८९ जणांनी, त्यांना न तपासताच, ते अयोग्य असल्याचं सांगितलं. गोल्डवॉटर यांनी मासिकावरचा बदनामीचा खटला जिंकला, आणि १९७३ मध्ये तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने न तपासलेल्या व्यक्तीबद्दल असं मत देऊ नये असा नियम केला. आत्महत्येच्या वार्तांकनाबाबत जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनाही वाचून घेतल्या: पद्धतीचं वर्णन नको, एकच एक कारण नको, मदत कुठे मिळेल ते हवं. २०२० साली ‘बीएमजे’त आलेल्या एका विश्लेषणात प्रसिद्ध व्यक्तींच्या आत्महत्यांच्या बातम्यांनंतरच्या एक-दोन महिन्यांत आत्महत्या सरासरी १३ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं होतं. हे कळल्यावर वार्ताहराचा फोन किरकोळ वाटत नाही.

निष्पत्ती

रुग्णाशी पुढचं बोलणं त्याच रेसिडेंटने करायचं की मी, हा प्रश्न पडला होता. मी शेजारी बसले, बोलली ती. सुरुवात तिने अशी केली: “मागच्या वेळी मी सेरोटोनिनचं जे सांगितलं ते चुकीचं होतं. आणि तुमचा प्रश्न बरोबर होता.” तरुणी जरा वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मी दिवसभर मथळेच कापते, डॉक्टर. तो मथळा कापलेला आहे हे मला दिसत होतं. मूळ चित्रीकरणात काय आहे, एवढंच तर विचारायला आले होते.”

तिने औषध पुन्हा सुरू केलं. बरं वाटून बराच काळ लोटल्यावर काही महिन्यांत टप्प्याटप्प्याने कमी करत बंद केलं. या वेळी चक्कर आली, झटके नाहीत. या सुधारणेचं श्रेय आमच्या वर्गाला देता येणार नाही. औषध, वेळ आणि बहीण यांचा वाटा मोठा आहे.

रेसिडेंटमध्ये काय बदललं? केस पेपरवरचा नवा प्रश्न पहिले दोन महिने भरला गेला, मग गर्दीच्या दिवशी रिकामा राहू लागला. आता साधारण निम्म्या कागदांवर उत्तर असतं. ‘समजावलं’ हा शब्द अजून आहे, पण पुढे काय समजावलं ते बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. खणातला गठ्ठा रद्दीत गेला.

आज करायचं तर

सुरुवात यादीने करणार नाही. एडीएचडीच्या तरुणाचा पहिला फेरा आमच्या यादीमुळे वाया गेला. आकडा शिकवताना ‘हा आकडा कशाबद्दल आहे आणि समोरच्या माणसाबद्दल काय सांगत नाही’ हे त्याच तासात शिकवायला हवं होतं.

कन्सल्टंटना आधी वर्गात बसवीन. रेसिडेंट ‘असंतुलन’ हा शब्द आमच्याच तोंडून शिकली होती, आणि आम्ही मात्र शिकवायच्या बाजूला उभे होतो.

एका गोष्टीवर अजून एकमत नाही. त्या तरुणीला वर्गात बोलवावं, मथळा आणि चित्रफीत कशी कापतात ते दाखवायला सांगावं, असं मला फार वाटत होतं. तीही तयार होती. पण तिच्यावर उपचार करणारेच समोर बसणार, आणि नाही म्हणणं तिला अवघड जाईल, म्हणून आम्ही ते टाळलं आणि दुसऱ्या एका एडिटरला बोलावलं. सत्र चांगलं झालं, पण थोडं कोरडं. मी आजही तोच निर्णय घेईन बहुधा.

तिला आम्ही फक्त नव्या पत्रकाचा मसुदा दाखवला. त्यात एक वाक्य होतं: ‘औषध अचानक थांबवल्यास काही जणांना त्रास होतो.’ तिने ‘काही जणांना’ खाली रेघ मारून समासात लिहिलं, ‘किती?’

ते शोधण्यात दोन बुधवार गेले. २०१९ च्या डेव्हिस आणि रीड यांच्या आढाव्यात ५६ टक्के हा आकडा मिळाला. २०२४ च्या हेन्सलर आणि सहकाऱ्यांच्या विश्लेषणात ३१ टक्के, आणि नकली गोळी थांबवणाऱ्यांतही १७ टक्के. तफावत का, तर पहिल्यात ऑनलाइन सर्वेक्षणंही होती, जिथे त्रास झालेले लोक जास्त उत्तरं देण्याची शक्यता असते. दुसऱ्यात बऱ्याच चाचण्या अशा, की लोकांनी औषध थोडेच आठवडे घेतलेलं, आणि आमचे रुग्ण तर महिने-वर्षं घेतात. पत्रकात शेवटी काय छापायचं यावर रेसिडेंट तासभर भांडले. सध्या तिथे दोन्ही आकडे आहेत, कोणता कुठून आला ते एका ओळीत, आणि वाक्य पूर्वीपेक्षा तिप्पट लांब झालं आहे. तिला पुन्हा दाखवलं. म्हणाली, लांब आहे, पण कापू नका.